आजचं चिंतन : गीता ३.१३ आणि साधनाताई



तिसरा अध्याय चालू आहे आपला, आणि योग असा की आज ९ जुलैला नेमका तेरावा श्लोक आला. २०११ साली याच तारखेला आनंदवनात साधनाताई आमटे गेल्या. श्लोक आहे स्वयंपाकाचा आणि जेवणाचा, म्हणून आज श्लोक आणि साधनाताई एकत्रच घेऊ.

आधी सरळ अर्थ. भगवान म्हणतात, यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या दोषांतून सुटतात. आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात, ते अन्न खातच नाहीत, पाप खातात. गीतेत इतक्या कडक शब्दांत फार थोड्या ठिकाणी बोललंय. तेही कशाबद्दल? पोळीभाजीबद्दल! युद्धाच्या मैदानावर, शंख वाजून झालेले, आणि देव स्वयंपाकघराबद्दल बोलतायत.

या श्लोकावर एक प्रश्न ठरलेला येतो. "ताई, मी पीजीत राहतो, रात्री अकराला एकट्यापुरती मॅगी करतो. ते पाप का?" नाही रे बाबा, खा निवांत. इथे भांड्यातलं माप मोजायचं नाहीये. जुन्या टीकाकारांनी हे समजावताना पंचसूना सांगितल्या आहेत: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा माठ. घरातल्या या पाच जागी आपल्या नकळत कुठला ना कुठला जीव मरतो. म्हणजे तुमचं साधं जेवणही कुणाचं तरी काहीतरी घेऊनच तयार होतं. ते ऋण फेडायला पाच यज्ञ सांगितले: देव, ऋषी, पितर, माणसं आणि बाकीचे जीव. आजीच्या हातची पहिली पोळी गाईची असायची, पानाभोवती चित्राहुती असायच्या, दारात आलेला उपाशी जायचा नाही, ते सगळं यातलंच. जेवायला बसताना आपण लहानपणी जो श्लोक म्हणायचो तोही पोट भरण्याला यज्ञच म्हणतो, आठवा.

तर हा झाला रोजचा पाठ. पण आज एक मेल आली आहे आणि ती बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. नाव, गाव देत नाहीये. ताई नोकरी करतात, तिशीच्या आतल्या आहेत. तीन महिन्यांपूर्वी त्यांची आई गेली. आई घर सांभाळून सोसायटीत आजारी माणसांना डबे द्यायची, रक्तदान शिबिराला बायकांना गोळा करून न्यायची, गणपतीत दहा दिवस स्वयंपाकघरातून हलायची नाही. चौदाव्याला लोक बोलले. प्रत्येकानं तेच सांगितलं, की तिनं कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजली. आणि ही मुलगी लिहिते, "मला ते ऐकून रडू येण्याऐवजी राग आला. आम्ही तिला कधी विचारलंच नाही तुला काय हवंय म्हणून. ती समिधा झाली म्हणतात सगळे. पण समिधा काय स्वतः उडी मारते का अग्नीत? कुणीतरी टाकतं ना? आम्हीच टाकलं तिला."

मेल वाचून मी बराच वेळ नुसती बसले होते. सांत्वनाची दोन वाक्यं लिहून पाठवता आली असती. पण प्रश्न खरा आहे आणि आजच्या श्लोकाशी त्याची थेट गाठ आहे. शिवाय 'समिधा' हा शब्द साधनाताईंचा. त्यांच्या आत्मकथनाचं नावच 'समिधा' आहे. त्यामुळे उत्तर शोधायचं तर त्यांच्याकडे जाऊ.

साधनाताईंचं माहेरचं नाव इंदू. नागपूरचं घुलेशास्त्री घराणं, जन्म ५ मे १९२६ चा. शास्त्र्यांचं घर म्हणजे सोवळं-ओवळं, देवपूजा, व्रतं, सगळं कडक. मुरलीधर देविदास आमटे नावाचा दाढी-जटा वाढवलेला, लग्नच करायचं नाही असं ठरवलेला तरुण वकील एका लग्नघरी येतो, आणि तिथे त्याला काय दिसतं? सगळे समारंभात दंग असताना एक मुलगी मागच्या बाजूला, घरातल्या म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करतेय. कुणाला दिसू नये अशा बेतानं. त्या तरुणानं तिथेच ठरवलं की लग्न करायचं तर हिच्याशी. १९४६ मध्ये लग्न झालं आणि इंदूची साधना झाली.

ही गोष्ट बऱ्याचदा बाबांच्या नजरेचं कौतुक म्हणून सांगितली जाते. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ती मुलगी कपडे धूत होती ती कुणी सांगितलं म्हणून नाही. तोवर बाबा तिच्या आयुष्यात नव्हते, कुष्ठरोग नव्हता, आनंदवन नव्हतं. हे वळण तिचं स्वतःचं होतं, आधीपासूनचं.

लग्नानंतर वरोऱ्याला बाबांनी श्रमाश्रम काढला. वेगवेगळ्या जातींची कष्टकरी माणसं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण जिच्या माहेरी सोवळ्यात स्वयंपाक व्हायचा, तिनं सगळ्या जातींच्या एका चुलीवर उभं राहायचं, तेही चाळीसच्या दशकात! बाबांनी याच काळात नगरपालिकेत असताना डोक्यावरून मैला वाहिला. त्याबद्दल खूप लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. तो माणूस घरी येतो तेव्हा त्याला पाणी कोण देतं, त्याचे कपडे कोण धुतं, हे लिहायचं राहून जातं.

मग तुळशीराम. पावसात रस्त्याच्या कडेला पडलेला, कुष्ठरोगानं हातापायांची बोटं गेलेला माणूस. त्याला पाहून आयुष्यात कशाला न घाबरलेले बाबा पळून गेले, आणि मग स्वतःच्या त्या भीतीचीच लाज वाटून परत आले. त्याच्यावर आडोसा केला, खाऊ घातलं, पण तो वाचला नाही. तिथून पुढचं सगळं ठरलं. बाबा कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरचे उपचार शिकले आणि पन्नासच्या सुमारास चांदा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या चंद्रपूरमध्ये, वरोऱ्याजवळ सरकारनं दिलेल्या खडकाळ, झुडपांच्या माळावर हे कुटुंब राहायला गेलं. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. साप, विंचू, रानातली जनावरं. पाणी नाही, विहीर खणण्यापासून सुरुवात.

आणि दोन मुलं.

इथे जरा थांबूया. आनंदवनाची गोष्ट सांगताना आपण साप-विंचवांवर फार वेळ घालवतो. मुलं मात्र एका ओळीत उरकतो. मोठा विकास अजून शाळेच्या वयाचाही नाही, धाकटा प्रकाश त्याहून लहान. तेव्हा लोकांची समजूत अशी की कुष्ठरोग्याची सावली पडली तरी रोग होतो. आनंदवनातली भाजीसुद्धा वरोऱ्याचे लोक सुरुवातीला घ्यायला तयार नव्हते. जंतूचा शोध हान्सेननं १८७३ मध्ये लावला होता, औषधही नुकतंच हाताशी आलं होतं, पण आज जी बहुऔषधी उपचारपद्धती आहे ती ऐंशीच्या दशकातली. बहुतेक माणसांच्या शरीरात या रोगाविरुद्ध उपजतच ताकद असते हे आज आपण सहज सांगतो. त्या माळावर, त्या आईला ते कोण सांगणार होतं?

आणि यातली खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे. कुष्ठरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो. लागण झाली तर लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी कधी वीससुद्धा. म्हणजे आज मूल त्या माणसांच्या मांडीवर खेळलं, उद्या अंगावर चट्टा नाही म्हणून हुश्श करावं, अशी सोय नाही. पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षीही नाही. आपल्याला ब्लड रिपोर्ट संध्याकाळी येणार म्हटलं तरी दिवसभर कामात लक्ष लागत नाही. इथे रिपोर्ट यायचा होता पाच-दहा वर्षांनी. तोपर्यंत काय करायचं? तर रोज सकाळी उठायचं, चूल पेटवायची, मुलांना न्हाऊ घालायचं, गाय, पाणी, आल्यागेल्याचं जेवण, जखमा झालेल्या माणसांचं हवं-नको.

फळाची आशा न धरता कर्म करा, हे आपण दुसऱ्या अध्यायात वाचलं तेव्हा कित्येकांनी विचारलं होतं की हे प्रत्यक्षात जमतं तरी का. प्रमोशनची आशा न धरता काम करायचं, हे आपलं उदाहरण. इथे तर पणाला पोटची पोरं होती. पुढे दोघंही डॉक्टर झाले. विकास यांनी आनंदवनाचं काम उचललं. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी मंदाकिनी १९७३ पासून भामरागडच्या जंगलात हेमलकसाला आदिवासींमध्ये राहिले आणि २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. हा शेवट आपल्याला माहीत आहे, म्हणून सुरुवात सोपी वाटते. त्यांना माहीत नव्हता.

आणखी एक नोंद, जाता जाता. आपल्या देशात नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. ते कायद्यातून निघालं २०१९ मध्ये. म्हणजे साधनाताई गेल्या त्यानंतरही आठ वर्षांनी. जिथे कायदाच सांगत होता की असा जोडीदार सोडता येईल, तिथे ही बाई अशा परक्या माणसांबरोबर घर मांडून राहिली.

आता मेलमधल्या प्रश्नाकडे येऊ. समिधा स्वतः उडी मारते का?

समिधा कशी असावी लागते याचे नियम आहेत. पळस, पिंपळ, औदुंबर, खैर, शमी, रुई, आघाडा अशी ठरलेली झाडं. साधारण वीतभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड नको, साल तशीच असलेली, किडकी तर अजिबात नको. तुपात बुडवून ती अग्नीला देतात. यज्ञानंतर लोक मंत्रांचं कौतुक करतात, गुरुजींचं करतात, ज्वाळा कशा उंच गेल्या ते सांगतात. कुठली समिधा कशी जळली हे कुणी विचारत नाही. बाबांच्या कवितासंग्रहाचं नाव 'ज्वाला आणि फुले' आणि ताईंच्या पुस्तकाचं 'समिधा'. ही दोन नावं शेजारी ठेवून बघा. पद्मश्री १९७१, मॅगसेसे १९८५, पद्मविभूषण १९८६, टेम्पलटन १९९०, हे सगळे मान बाबांच्या नावावर. ताईंनी स्वतःची जागा कुठे आहे ते नेमकं ओळखलं होतं, आणि त्याला स्वतःच नाव दिलं. दुसऱ्या कुणी त्यांना समिधा म्हटलं असतं तर मला खटकलं असतं. तो शब्द त्यांनी निवडला आणि पुस्तक लिहून, स्वतःच्या तोंडानं, आपली बाजू सांगितली. लाकूड बोलत नाही. ही बोलली.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्या घरांमध्ये हा शब्द फार स्वस्त झालाय. बाई थकली, वैतागली, म्हणाली मला आज जमणार नाही, की लगेच कुणीतरी त्यागाच्या गोष्टी काढतं. साधनाताईंचं उदाहरण देऊन एखाद्या सुनेला गप्प बसवणं हा साधनाताईंचा अपमान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या स्वतःचं काही सोडून देणाऱ्या नव्हत्या, याची एक खूण त्यांच्या देवघरात आहे. बाबांना कर्मकांड मान्य नव्हतं. त्यांचा देव माणसात, श्रमात. ताई श्रद्धाळू, पूजाअर्चा करणाऱ्या. इतक्या मोठ्या माणसाशी संसार करताना त्याची मतं ती आपली मतं, असं सहज होऊन जातं. झालं असतं तर कुणी नावही ठेवली नसती. पण ताईंचा देव ताईंपाशीच राहिला. जे सोवळं माणसाला माणसापासून लांब ठेवतं ते त्यांनी सोडलं, देव नाही सोडला. यातलं काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे ज्याचं त्याला कळावं लागतं. आपल्यापैकी अनेकांची घरी याच गोष्टीवरून वादावादी चालू असते, म्हणून सांगितलं.

आता श्लोकातली ती गोष्ट, जी मला या मेलमुळे नव्यानं दिसली. आपण तेरावा श्लोक ऐकतो तेव्हा नजर स्वयंपाक करणाऱ्यावर जाते. कुणी कुणासाठी शिजवलं? पण नीट वाचा, वाक्य जेवणाऱ्याबद्दल आहे. पहिल्या अर्ध्या भागात कर्ता आहे उरलेलं खाणारा. दुसऱ्या भागात आहे पाप खाणारा. पानावर बसलेल्यालाच विचारलंय की तुझ्या ताटात आलेलं हे यज्ञातून आलंय का. आणि यज्ञ म्हणजे काय, हे दोनच श्लोक आधी, अकराव्यात सांगून झालंय: तुम्ही देवांना पोसा, देव तुम्हाला पोसतील, एकमेकांना पोसत पुढे जा. एकमेकांना! पुढे सोळाव्यात भगवान याला चक्र म्हणणार आहेत, आणि हे फिरतं चक्र जो पुढे फिरवत नाही त्याचं जगणं फुकट, असं म्हणणार आहेत. ज्या घरात एकच माणूस देतोय आणि बाकीचे नुसते घेतायत, तिथे कितीही भक्तिभावानं स्वयंपाक होऊ दे, गीतेच्या हिशेबात तिथे चक्र अडकलंय.

म्हणून त्या ताईंना माझं पहिलं सांगणं हे की तुमचा राग अधार्मिक नाही. तो याच श्लोकातून आलाय.

आनंदवनात हे चक्र कसं फिरलं ते पाहण्यासारखं आहे. बाबांचा हट्ट होता की दान नको, काम हवं. बोटं झडलेल्या हातांनी विहीर खणली, दगड फोडले, शेती उभी केली. पुढे हातमाग आले, कारखाने आले. सुरुवातीच्या वर्षांत परदेशातून तरुण स्वयंसेवक येऊन राहिले, रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून बांधकाम केलं, त्यांच्यासोबत जेवले. ते बघून वरोऱ्याच्या लोकांची भीती हळूहळू ओसरली. म्हणजे ज्यांची सेवा साधनाताई करत होत्या, त्यांनीच पिकवलेलं धान्य त्यांच्या चुलीवर शिजत होतं. त्यांच्या मुलांना अंगाखांद्यावर खेळवणारेही तेच. ताई देणाऱ्या आणि बाकी सगळे घेणारे, अशी ती जागा नव्हती. त्या पूर्ण जळून संपल्या नाहीत याचं एक कारण हेही असावं. पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत ही बाई पुरली! १९९० मध्ये, वयाच्या चौसष्टीत, पाठीच्या दुखण्यानं बसताही न येणाऱ्या नवऱ्याबरोबर नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिल्या, धरणग्रस्तांच्या बाजूनं. एक तपाला थोडी कमी इतकी वर्षं. त्या वयात आपल्याकडे बायका गुडघे धरून बसतात, आणि ते काही चूक नाही. पण ही पुन्हा एक नवं घर मांडून, नवी चूल पेटवून बसली.

विनोबांच्या आईची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. रुक्मिणीबाई. शेजारच्या घरी बाईमाणूस आजारी पडलं किंवा गावाला गेलं की त्या तिथे स्वयंपाक करून यायच्या. पण आधी आपल्या घरचा उरकायच्या आणि मग तिकडे जायच्या. छोट्या विन्याला हे खटकलं. तो म्हणाला, आई तू स्वार्थी आहेस, आधी आपलं, मग त्यांचं. ती हसली. तिनं समजावलं की वेड्या, तिकडचं आधी करून ठेवलं तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत गार होईल, म्हणून शेवटी जाते. गार जेवण आपल्या माणसांनी खायचं, गरम शेजाऱ्याला. सेवा म्हणजे काय याचं इतकं बारीक उदाहरण मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. आणि लक्षात घ्या, हे आपल्यापर्यंत आलं कारण मुलानं विचारलं. न विचारता तो मोठा झाला असता तर आयुष्यभर आईला तरी स्वार्थी समजला असता, नाहीतर 'फार प्रेमळ होती' एवढंच म्हणाला असता. याच आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिला मराठीत हवी होती. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, १९३०-३१ मध्ये, विनोबांनी गीता मराठीत आणली आणि नाव ठेवलं गीताई. त्यात आईची स्तुती नाही. तिनं मागितलेली वस्तू आहे.

तर मेल लिहिणाऱ्या ताई, "तिनं कधी काही मागितलं नाही" हे वाक्य आधी तपासून बघा. मला ते खरं वाटत नाही. बायका मागतात. फार हळू मागतात, एकदाच मागतात, आणि कधी कधी चेष्टेत मागतात. कधीतरी पंढरीला जायचंय, गाणं शिकायचं राहिलं, मला एकदा नुसतं बसून गरम पोळी खायचीये. आठवा. बाबांना विचारा, मावशीला विचारा. ज्या घरी डबे जायचे तिथे जा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तुमची आई तुमच्यापेक्षा वेगळी माहीत असेल. डब्यात काय असायचं, ती दारातूनच जायची की दहा मिनिटं बसायची, बसली तर काय बोलायची. कदाचित तिथे बसून ती स्वतः चहा पीत असेल, दिवसातला एकच निवांत चहा. कदाचित ते डबे हे तिचं बाहेर पडणं असेल, तिचं स्वतःचं जग. तसं असेल तर तुम्ही तिला अग्नीत टाकलं हे म्हणणं अर्धंच खरं. तिनंही काही निवडलं होतं, आणि तुमच्या रागात तिची ती निवड हरवून जाऊ देऊ नका.

आणि जे खरंच चुकलं असेल, म्हणजे घरात तिला कुणी विचारलं नाही, पानं वाढून झाल्यावर ती शेवटी उरलंसुरलं खात राहिली, तेही झाकू नका. वर्षश्राद्धाला बोलायची वेळ आली तर तेसुद्धा बोला. श्राद्धात आपण पितरांना वाढतो, तेव्हा ते जेवत असल्याचं समजून हात जोडून उभे राहतो. जिवंतपणी उभे राहिलो नाही, हे त्या पानासमोर म्हणता येतं. नातेवाईकांना आवडणार नाही. चालेल.

ज्यांची आई, बायको, सासू, काकू घरात आहे त्यांच्यासाठी आजचा नेम. रोज मी नामजप सांगते, आज तो आहेच. त्याबरोबर एक काम. आज रात्री त्यांना आधी पानावर बसवा आणि तुम्ही वाढा. त्या "तुम्ही बसा रे, मी नंतर" म्हणतील. दोनदा म्हणतील. ऐकायचं नाही. आणि फोटो काढून स्टोरीला टाकायचा नाही, हा नेमाचाच भाग आहे. जे एकटे राहतात त्यांनी आज पोळीभाजी थोडी जास्त करा. वॉचमनकाकांना विचारा जेवलात का. नाहीतर घरी फोन करा आणि स्वतःचं काही सांगण्याआधी विचारा, तू आज काय खाल्लंस? 'केलंस काय' नाही, 'खाल्लंस काय'.

आनंदवन बघितलं नसेल तर कधी तरी जाऊन या. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वरोरा लागतं, तिथून जवळ आहे. पण सेल्फीपुरतं जाऊ नका, दिवसभर राहा, तिथल्या माणसांनी विणलेलं, केलेलं काही विकत घ्या.

मेलला कमेंटमध्ये कुणी उत्तर लिहिणार असाल तर एक विनंती, "काळ हे औषध आहे" वगैरे नको. तुमच्या घरच्या एखाद्या गेलेल्या बाईनं काय मागितलं होतं ते आठवत असेल तर ते लिहा. नावं नकोत.

उद्या श्लोक चौदावा. अन्नापासून जीव, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस. बाहेर पाऊस चांगला लागलाय, तेव्हा उद्या त्याच्यावरच बोलू.

राम कृष्ण हरी.